गोव्यात आपल्याच भागातल्या गरीब मुलांसाठी शनिवार-रविवारी काय करता येईल?

म्हापशात राहता आणि सुट्टीचे दोन दिवस मोकळे आहेत, तर वह्या-खाऊ वाटपापासून सुरुवात करू नका. ते गणपतीत सगळेच करतात. आधी जवळच्या अंगणवाडीत किंवा सरकारी प्राथमिक शाळेत जाऊन बाईंना विचारा, कुठलं मूल मागे पडतंय ते त्यांना नेमकं ठाऊक असतं.

बांधकामावरच्या मजुरांची बरीच मुलं कर्नाटकातून आलेली. घरात कन्नड किंवा लमाणी, रस्त्यावर कोकणी, आणि पुस्तक मराठी. मूल 'ढ' नसतं, तिसऱ्या भाषेत वाचत असतं! म्हणून गणितापेक्षा आधी गोष्टी मोठ्याने वाचून दाखवा, त्यावर बोलतं करा. मोजकीच मुलं घ्या, वार मात्र चुकवू नका.

जन्मदाखला नाही म्हणून शाळेत घातलं नाही, असं आईवडील सांगतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या मुलाला वयाच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही. मुख्याध्यापकांकडे त्यांच्यासोबत तुम्हीच जा, मजुराचा एक रोज बुडतो, हे लक्षात ठेवून वेळ ठरवा.

मारहाण किंवा बालमजुरी दिसली तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करा. आणि कृपा करून मुलांचे फोटो स्टेटसला टाकू नका.