हत्तींवर हल्ली कसलं संशोधन चालतं? त्याने हत्ती वाचतात, की नुसते पेपर निघतात?

वाचतात, पण ज्या संशोधनाच्या बातम्या होतात त्याने कमी आणि लिदीवर चालतं त्याने जास्त. मी शास्त्रज्ञ नाही, सिंधुदुर्गातल्या दोडामार्गकडचा बागायतदार. २००२च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती आमच्याकडे उतरले, तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचतो.

लिदीचं थट्टेने म्हणत नाही. ताज्या गोळ्यावर बाहेरून जो बुळबुळीत थर असतो, त्यात हत्तीच्या आतड्यातल्या पेशी असतात. तेवढा थर काढून घेतला की डीएनए मिळतो आणि हत्ती कोणता ते कळतं. प्राणी समोर दिसायलाच हवा असं नाही. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने देशाची हत्तीगणना अशीच केली. २१,०५६ नमुने गोळा केले, त्यांतून ४,०६५ वेगवेगळे हत्ती ओळखू आले. त्यातला तोच हत्ती पुन्हा किती वेळा आणि कुठे सापडतो, यावरून न सापडलेल्यांचा अंदाज बांधतात. २०२५मध्ये आकडा जाहीर झाला: २२,४४६. २०१७ला सत्तावीस हजारांच्या वर होते, म्हणजे मधल्या काळात पाचेक हजार मेले असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तेव्हाची मोजायची रीत वेगळी होती, त्यामुळे या दोन आकड्यांची वजाबाकी होत नाही. याच लिदीतून हत्तीवर किती ताण आहे तेही, हार्मोन मोजून, कळतं.

दुसरा बदल म्हणजे अभ्यासक जंगलातून शेतात आले. पिकांत शिरण्यात नर पुढे असतात, कारण जोखीम मोठी असली तरी खाणं सकस मिळतं, हे हत्तींचे अभ्यासक रमण सुकुमार यांनी फार पूर्वीच दाखवलं होतं. वयात आलेला नर कळप सोडून बहुधा एकटा फिरतो, असं मानलं जायचं. निशांत श्रीनिवासय्या आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये दक्षिण भारतातल्या नोंदींवरून दाखवलं की शेतीच्या मुलखात तरुण नर टोळ्या करून राहतात, आणि त्या टोळ्या टिकतातही.

आमच्याकडे माड आडवे झाले की एकच मागणी होते: पकडा आणि लांब नेऊन सोडा. राग मला समजतो. पाच-सहा वर्षं पाणी घालून वाढवलेला कवाथा, म्हणजे कोवळा माड, सकाळी चिरलेला आणि गाभा खाल्लेला दिसला की डोकं फिरतंच. पण श्रीलंकेत संशोधक पृथ्वीराज फर्नांडो यांच्या गटाने असे सोडलेले नर, कुठे जातात ते कळवणारी कॉलर गळ्यात बांधून पाहिले. काही मूळ जागी परतले, काही भटकत राहिले, उपद्रव नव्या गावांत पोचला आणि हत्तीही जास्त मेले. हे २०१२लाच छापून आलंय.

त्यापेक्षा तमिळनाडूतल्या वालपराईचं बघा. नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशन या संस्थेने चहामळ्यांतल्या हत्तींच्या वाटा वर्षानुवर्षं नोंदवल्या. माणसं मरत होती ती बहुतेक अंधारात अवचित गाठ पडून. मग हत्ती कुठे आहे त्याचे एसएमएस सुरू केले, मोबाईलवरून पेटणारे लाल दिवे लावले. मृत्यू कमी झाले.

केनियातले हत्ती एकमेकांना नावासारखी हाक मारतात, हे २०२४चं संशोधन सगळीकडे गाजलं. मलाही आवडलं, पण त्याने माझे माड वाचायचे नाहीत.

तुम्ही कुठले ते लिहिलं नाहीत. गडचिरोलीकडचे असाल तर वरचं नरांचं गणित तिथे तसंच लावू नका. तिथे २०२१मध्ये छत्तीसगडहून आला तो माद्या-पिल्लांसकट अख्खा कळप आहे.