वाचक विचारतात: सुरी घरी बनवताना

प्रश्न (इस्लामपूर): ट्रकच्या जुन्या पाट्यातून (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीतून) भाजीची सुरी बनवली, ग्राइंडरनं मस्त शेप आणला, लालभडक करून पाण्यात बुडवली तर टिंग असा आवाज आला आणि धारेपासून वर चीर. आमच्या गावचा लोहार कोयता पाण्यातच विझवतो, त्याचा तडकत नाही. माझं काय चुकलं?

उत्तर: ते पातं गेलं, वेल्डिंगच्या नादी लागू नका. आता लोहाराचं सांगतो. एकदा त्याच्या शेजारी उभं राहून नीट बघा, तो अख्खं पातं बुडवतच नाही. धारेकडचा बोटभर भाग पाण्याला लावतो, लगेच बाहेर काढतो, दगडावर घासून पांढरा करतो आणि पाठीतली उष्णता धारेकडे सरकते तसा रंग बघत बसतो, आधी पिवळा मग तपकिरी, जांभळा, निळा, हवा तो रंग धारेवर आला की गार करून टाकतो. म्हणजे कडक करणं आणि त्यातला ठिसूळपणा काढणं ही दोन्ही कामं एकाच तावात उरकतो, वर कोयता जाड असतो ते वेगळंच. तुमची सुरी पातळ, आणि पाट्याचं स्टील साधारण ०.५ ते ०.६ टक्के कार्बनचं, सोबत सिलिकॉन नाहीतर क्रोमियम, म्हणजे तेलात कडक होणारं. ते पाण्यात घातलं की धार एका क्षणात गार आणि पाठ अजून लालच, त्या ओढाताणीत चीर जाते.

दुसरं, जुन्या पाट्यात धक्के खाऊन खाऊन आधीच बारीक चिरा पडलेल्या असू शकतात आणि त्या डोळ्याला दिसत नाहीत. पाटे बनवणाऱ्यांकडे नव्या पट्टीचे तुकडे मिळतात, ते घ्या.

फेकायच्या आधी एक काम करा. पातं फडक्यात गुंडाळून व्हाइसमध्ये (शिकंज्यात) धरा, गॉगल लावा आणि तोडा. तुटलेल्या जागी करडा, बारीक पोत दिसला तर ताव बरोबर होता, रव्यासारखे चमकते दाणे दिसले तर जास्त तापवलंत. तुम्ही लालभडक लिहिलंय म्हणून मला दाणेच दिसतील असं वाटतंय!

पुढच्या वेळी अंधाऱ्या जागी तापवा, उन्हात रंग कळत नाही. लोहचुंबक लावत राहा, साधारण ७७० अंशांना ते चिकटायचं बंद होतं, तिथून थोडं पुढे, ८३०च्या आसपास, की झालं. गोडेतेल ५०-६० अंशांपर्यंत कोमट करून लोखंडी डब्यात (प्लास्टिकची बादली नको, आणि झाकण जवळ ठेवा, भडका उडतो), धार खाली करून सरळ बुडवायचं, पुढे मागे हलवायचं, आडवं हलवलंत तर पातं वाकेल. बाहेर काढल्यावर कानस मारून बघा. वरचा काळा थर निघेपर्यंत ती चावेल, मग काचेवरून घसरावी तशी घसरली पाहिजे.

प्रश्न (बारामती): कानस घसरली म्हणजे काम झालं ना? मग परत ओव्हनमध्ये ठेवून कडकपणा कमी कशाला करायचा?

उत्तर: कारण त्या अवस्थेत सुरी फरशीवर पडली तर तुकडे होतील. त्याच दिवशी, गार झाल्या झाल्या, २०० अंशांवर दोन तास, गार करून परत दोन तास. घरच्या ओव्हनच्या आकड्यावर विश्वास नको, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. घासलेल्या पात्यावर फिकट पिवळा रंग आला की समजा जमलं. अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटीची पहिली परीक्षा बघा काय आहे: लटकता एक इंची दोर एका फटक्यात कापायचा, जाड लाकूड तोडायचं, मग त्याच धारेनं हातावरचे केस काढायचे आणि शेवटी तेच पातं व्हाइसमध्ये धरून ९० अंशांत वाकवायचं, मोडता कामा नये. नुसतं कडक करून यातलं शेवटचं जमतच नाही.

प्रश्न (डोंबिवली): धार इतकी आहे की कागद सरसर कापतो, पण गाजर चिरताना टचकन फुटतं, कांदाही फाकतो. धारेचा कोन बदलू का?

उत्तर: कोन राहू दे, पातं जाड आहे. धारेच्या लगेच वर ०.३ मिमीच्या आसपास जाडी हवी, पाठ दोन मिमी पुरे. पहिल्या सुरीत सगळेच घाबरून जाड ठेवतात, आणि कडक करायच्या आधी धारेपाशी मिलीमीटरभर जाडी ठेवायलाच हवी, पण नंतर ती उतरवायला लागते. ग्राइंडरवर उघड्या हातानं धरा, बोट भाजायला लागलं की पाण्यात बुडवा. धार निळी पडली की तिथला कडकपणा गेला.

प्रश्न (न्यू जर्सी): डमास्कस (नक्षीदार पोलादाची) म्हणून महाग सुरी घेतली. खरी कशी ओळखायची?

उत्तर: मूळ डमास्कस तलवारींना आपल्याकडचं, दक्षिणेत मुशीत बनलेलं वूट्झ पोलाद लागायचं. आज मिळते ती थर जोडून केलेली, सुऱ्या घडवणारे बिल मोरन यांनी १९७३ मध्ये अमेरिकेत अशा सुऱ्या प्रदर्शनात मांडल्यावर ही फॅशन पुन्हा आली. हाय कार्बन स्टील आणि निकेलवालं १५एन२० ठोकून एकजीव करतात, मग फेरिक क्लोराइडमध्ये बुडवलं की निकेलचा थर चमकतो आणि दुसरा काळा पडतो. पाठीजवळ छोटी जागा पॉलिश पेपरनं घासून परत फेरिक क्लोराइड लावा, नक्षी आली तर थर खरे, नाही आली तर वरून छापलेली. बाकी नक्षीनं टोमॅटो काही जास्त चांगला कापला जात नाही, कापतं ते आतलं स्टील.

प्रश्न (नगर): मोठी सुरी घरी बनवायला लायसन्स लागतं का?

उत्तर: शस्त्र नियम २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत धरल्यात, पण घरगुती, शेतीच्या आणि कारखान्याच्या कामासाठीच्या वगळल्यात. खाटकाचा सुरा, कोयता चालतो. खंजीर, तलवार असलं काही डोक्यात असेल तर आधी पोलीस स्टेशनला विचारून या.