भाच्याला दर २१ दिवसांनी पेनिड्युअर एलए १२ इंजेक्शन लिहून दिलंय, ते गावात कुठेच मिळत नाही. मेडिकलवाला म्हणतो, ते आता बंद झालंय. कुठे मिळेल? त्याऐवजी दुसरं काही दिलं तर चालेल का?

मेडिकलवाल्याने तुम्हाला "ते आता बंद झालंय" असं सांगितलं हे वाचलं आणि राहवलं नाही. बंद वगैरे काही झालेलं नाही. तो ठेवत नाही, एवढंच. मधूनमधून खरोखर तुटवडा पडतो, पण कंपनीकडून माल कमी येणं वेगळं आणि दुकानदाराने मागवणंच सोडून देणं वेगळं.

भाच्याला ते कशासाठी दिलंय हे तुम्ही लिहिलेलं नाही. दर २१ दिवसांनी लिहून दिलंय म्हणजे सांधेज्वर पुन्हा उलटू नये म्हणून देतात तेच असणार. माझी मुलगी तेच घेते. आधी घसा धरला, मग ताप, मग गुडघा सुजला, तो उतरतो न उतरतो तोच घोटा. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर कळलं की हृदयाच्या मायट्रल झडपेला धक्का बसलाय. तेव्हापासून पेनिड्युअर, म्हणजे बेन्झाथिन पेनिसिलिन, १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी, आणि हे वर्षानुवर्षं चालणार.

आता दुकानदार का ठेवत नाही ते ऐका, कारण हे मी घरातूनच पाहिलंय. माझ्या दिरांचं तालुक्याच्या ठिकाणी मेडिकल आहे. हे औषध अत्यावश्यक यादीतलं, किंमत सरकारने बांधलेली, त्यात किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के. मुळात स्वस्त औषध, त्याचे १६ टक्के म्हणजे हाती काहीच नाही. शिवाय खाजगी डॉक्टर रिअॅक्शनच्या भीतीने हे इंजेक्शन द्यायलाच तयार नसतात. डॉक्टर देत नाहीत म्हणून चिठ्ठी येत नाही, चिठ्ठी येत नाही म्हणून माल पडून राहतो, मग एक्सपायरीचा माल परत करायची कटकट. हे सगळं मला समजतं. पण मग गिऱ्हाइकाला सरळ सांगावं, "मी ठेवत नाही, अमक्याकडे बघा." बंद झालंय म्हणून सांगितलं की माणूस शोधणंच सोडतो, आणि पोराची तारीख उलटते.

एकदा आमची तारीख अशीच तोंडावर आली होती. भाऊजींनी ड्रॉवरमधून एक छोटी बाटली काढून काउंटरवर ठेवली. "वहिनी, हे घ्या. पेनिसिलिनच आहे, दहा लाखाचं. दोन लाखांनी काय फरक पडतो?" मी बाटली ट्यूबखाली धरून लेबल वाचलं. बेन्झिल पेनिसिलिन. आपल्याला हवं ते बेन्झाथिन. बेन्झिल रक्तातून काही तासांत निघून जातं, म्हणून दवाखान्यात दाखल झालेल्या पेशंटला ते दिवसातून अनेकदा देतात. बेन्झाथिन स्नायूत साठून राहतं आणि तीनेक आठवडे थोडं थोडं रक्तात उतरतं. फरक दोन लाखांचा नाहीच. मी बाटली परत ठेवली आणि तिथेच बोलले. फार्मसी शिकलेल्या माणसाने हे करावं याचा मला आजही राग आहे.

कायदाही माझ्या बाजूने आहे. हे शेड्यूल एचमधलं, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या यादीतलं, औषध. चिठ्ठीत लिहिलंय त्याच्या जागी दुसरं काही द्यायचा दुकानदाराला अधिकारच नाही, अगदी तेच औषध दुसऱ्या कंपनीचं असलं तरी. म्हणून डॉक्टरांकडून चिठ्ठीवर नुसतं ब्रँडचं नाव नको, "बेन्झाथिन पेनिसिलिन १२ लाख युनिट" असं लिहून घ्या. मग कुठल्याही कंपनीचं मिळालं तरी घेता येतं.

शोधायचं कसं, तर दुकानात जाऊन "आहे का?" विचारूच नका. "तुमच्या होलसेलरला आत्ता फोन लावा आणि त्याच्याकडे आहे का विचारा," असं म्हणा आणि तिथेच उभे राहा. एका होलसेलरकडे नसलं तर दुसरा. पुण्यात सदाशिव पेठ, मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटचा दवा बाजार, नागपुरात गंजीपेठ, घाऊक माल इथे असतो. पण घाऊकवाला तुम्हाला थेट देणार नाही, बिल मेडिकलच्या नावावरच फाडावं लागतं, म्हणून एक तरी मेडिकलवाला आपल्या बाजूचा हवा. नाहीतर मोठ्या सरकारी रुग्णालयासमोरची मेडिकलं धुंडाळा, ससूनसमोरची, परळला केईएमसमोरची. गुप्तरोग विभागातही हेच इंजेक्शन लागतं, त्यामुळे तिथे चिठ्ठ्या येत असतात.

माझं काम मात्र वेगळ्याच वाटेने झालं. सरकारी दवाखान्यात इंजेक्शनच्या दिवशी बाकावर आणखी आया बसलेल्या असायच्या, सगळ्या वेगवेगळ्या गावांतून एकटीएकटीने बाटली शोधून आणणाऱ्या. मी सगळ्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो घेतले आणि बसस्टँडजवळच्या एका मेडिकलवाल्याकडे गेले. दर महिन्याला एवढ्या बाटल्या नक्की खपणार, पैसे आगाऊ घ्या म्हटलं. त्याने शॉर्टच्या वहीत, म्हणजे मागवायचा माल टिपतात त्या वहीत, लिहून घेतलं आणि आठवड्याभरात माल आणला. अजून आणतो. भाऊजींना याचं वाईट वाटतं, "घरचं दुकान असताना बाहेरून का?" म्हणतात. घरच्या दुकानाला मी आधी विचारलं होतं.

मला हे इतकं लागतं त्याला आणखी एक कारण आहे. माझं माहेर पिंपरीची एचए कॉलनी. एचए म्हणजे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी. ती १९५४ साली उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफची मदत होती, आणि १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार व्हायला लागलं. माझे वडील तिथे फर्मेंटेशनला होते. देशाला लागणारं पेनिसिलिन आपण करतो हे ते ताठ मानेने सांगायचे, आणि सांगायलाच हवं होतं. पुढे चीनमधून स्वस्त कच्चं पेनिसिलिन यायला लागलं आणि इथले कारखाने एकेक करून ते बनवायचे थांबले. मूठभर परदेशी कारखान्यांवर सगळी भिस्त, तिथे खोट आली की आपल्या गावात बाटली नाही. सरकारलाही उशिरा का होईना ते कळलंय. २०२४ मध्ये बेन्झिल पेनिसिलिनच्या १० लाख युनिटची बांधलेली किंमत ५० टक्क्यांनी वाढवली, कंपन्यांना परवडत नाही म्हणून. काकीनाड्याला पेनिसिलिन जीचा, म्हणजे त्याच कच्च्या पेनिसिलिनचा, नवा कारखानाही निघालाय. चांगलं आहे.

दुसरं काही चालेल का, तर मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून नाही. भाऊजी अजून म्हणतात, "पोरगी पळते, खेळते, कशाला सुया टोचता, अझिथ्रोच्या गोळ्या द्या." युगांडात ८०० हून जास्त मुलांवर अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. सगळी वरून धडधाकट दिसणारी, झडपेत नुकता बिघाड सुरू झालेली. दोन वर्षांत इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढला, न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा. मी हे आकडे त्यांच्या फोनवर पाठवले, निळ्या खुणा आल्या, उत्तर आलेलं नाही. पळणारं पोर बघून झडप कशी आहे ते कळत नाही.

गोळ्या अजिबात नाहीतच असं नाही. पेनिसिलिन व्हीच्या गोळ्या रोज दोनदा घेता येतात, पण एकही दिवस न चुकता, आणि तरी इंजेक्शनइतकी खात्री नसते. पेनिसिलिनची अॅलर्जी असेल तर वेगळी औषधं आहेत. आणि झडप फारच खराब असेल, हृदय थकलेलं असेल तर अशा पेशंटला काही डॉक्टर मुद्दामच गोळ्यांवर ठेवतात, कारण इंजेक्शनचा ताण त्याला सोसत नाही. मी डॉक्टर नाही. बाटली मिळायला उशीर होतोय असं दिसलं की ज्यांनी चिठ्ठी दिली त्यांनाच फोन करा, मधल्या दिवसांसाठी काय द्यायचं ते तेच सांगतील.

बाटली घेताना एक्सपायरी बघा, पक्कं बिल घ्या, एक जास्तीची घरात थंड, कोरड्या जागी ठेवा. आणि विकत घ्यायच्या आधी ते देणार कोण हे नक्की करा. औषध खडू कालवलेल्या पाण्यासारखं दाट असतं, बारीक सुईत अडकतं. आमच्या सिस्टर जाड सुई घेतात, बाटली तळहातात फिरवून फिरवून कालवतात आणि न थांबता हळू देतात. नवख्या हाताने सुई तुंबली तर औषधही वाया आणि पोरही दुसऱ्यांदा टोचून घ्यायला तयार होत नाही. दिल्यावर अर्धा तास तिथेच बसवतील, रिअॅक्शनची औषधं हाताशी असतील, अशाच ठिकाणी द्या. तुमचा तालुका लिहा. सोलापूर, धाराशिवकडचा असेल तर आमच्या मेडिकलवाल्याला विचारून कळवते.