चष्मा, डावा डोळा, लहान हात: एफएम२, ओएम-१ की के१०००?

तुम्ही लिहिलंय की चष्मा आहे, व्ह्यूफाइंडरला डावा डोळा लावायची सवय आहे, हात लहान आहेत आणि निकॉन एफएम२, ऑलिंपस ओएम-१, पेंटॅक्स के१००० यांतला एक जुना फिल्म कॅमेरा घ्यायचाय. निर्णय याच तीन गोष्टींवर करा. सर्वात वेगवान शटर १/४००० सेकंद की १/१००० सेकंद हे नंतर बघू.

आधी डावा डोळा, कारण त्यावर पुढे फारसा उपाय उरत नाही. एफएम२चा मीटर (प्रकाश मोजणारा) चालू करायला आणि शटरचं बटण मोकळं करायला फिल्म पुढे नेणारी लिव्हर थोडी बाहेर ओढून ठेवावी लागते. उजव्या डोळ्याने बघणाऱ्याला ती जाणवतही नाही. डाव्या डोळ्याने बघताना मात्र तिचं टोक कपाळाला किंवा चष्म्याच्या उजव्या काचेला टेकतं. फिल्म आपोआप पुढे नेणारी एमडी-१२ मोटर लावली तर लिव्हर आत ठेवता येते, पण मग वजन वाढतं आणि लहान हातांना ते नकोच. ओएम-१ला मीटरचा वेगळा खटका डावीकडे वर आहे. के१०००ला खटकाच नाही, मीटर थांबवायला लेन्सला झाकण लावलं की झालं.

आता चष्मा. चित्र किती पट दिसतं तो आकडा मोठा म्हणजे व्ह्यूफाइंडर चांगला, असं नसतं. ओएम-१मध्ये चित्र ०.९२ पट दिसतं. फोकस करायला ते फार सुखाचं आहे, पण चष्म्यामुळे डोळा मागे राहतो आणि चारही कोपरे एकदम दिसत नाहीत. एफएम२चं ०.८६ पट थोडं सोपं जातं. चष्म्याशिवाय बघायचं असेल तर आयपीसवर बसणारी नंबरची काच मिळते, मात्र तिने सिलिंड्रिकल नंबर भागत नाही.

लहान हातांसाठी मी ओएम-१च सुचवेन. त्याची शटरस्पीडची रिंग लेन्सच्या मुळाशी आहे, मध्ये फोकस आणि पुढे अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र लहानमोठं करणारी रिंग). डाव्या तळहातावर लेन्स तोलून अंगठा आणि तर्जनीनेच तिन्ही फिरवता येतात, उजवा हात पकड सोडत नाही. बाकी दोघांत शटरस्पीडची चकती वर असल्याने बटणावरचं बोट उचलावं लागतं. उणीव अशी की ओएम-१ आणि के१००० दोन्हींत व्ह्यूफाइंडरमध्ये फक्त मीटरचा काटा दिसतो, स्पीड आणि अ‍ॅपर्चर दिसत नाही, आणि अंधारात तो काटाही हरवतो. एफएम२मध्ये दोन्ही आकडे आणि मीटरचे लाल दिवे दिसतात. ओएम-१चा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलाय. १.५ व्होल्टचा सेल घातला तर मोजणी चुकते, तेव्हा झिंक-एअर सेल किंवा अ‍ॅडॉप्टर वापरा.

हातात घ्याल तेव्हा ५० मिमी लेन्स लावलेलीच असू द्या. कॅमेरा चेहऱ्याला लावून, डोळा न काढता, जवळून अनंतापर्यंत फोकस करा, अ‍ॅपर्चर एक स्टॉप (एक पायरी) बदला, मग उभा धरून हेच करा. रिंग जड लागली तर रचनेला दोष देऊ नका. बहुधा ग्रीस वाळलेलं असतं, ते बदलता येतं. निकॉनची फोकस रिंग ऑलिंपसच्या उलट दिशेने फिरते. तुमच्याकडे आधीपासून कुठली लेन्स असेल तर त्याच दिशेचा कॅमेरा घ्या, नाहीतर चालत्या माणसावर फोकस करताना हात दर वेळी चुकीकडे वळेल.