पहिल्यांदाच गाडी वॅक्स करताय? मग आधी धुणं शिका

पॉलिश आणि वॅक्स एकच समजू नका. पॉलिश रंगावरचा पातळ थर घासून ओरखडे कमी करतं. वॅक्स काही काढत नाही, वर संरक्षक थर चढवतं. वरचा क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) साधारण ४० ते ५० मायक्रॉनच असतो, केसाहूनही पातळ. एकदा घासला गेला की परत येत नाही. म्हणून पॉलिशचं मशीन आणि रबिंग कंपाउंड (ओरखडे घासून काढायची पेस्ट) सध्या विसरा. त्यावर नंतर कधीतरी बोलू.

बहुतेक बारीक ओरखडे धुतानाच पडतात, खरी मेख इथेच आहे. कोरड्या धुळीवर फडका मारायची सवय आधी सोडा. पाण्याने धूळ सैल करा, मग दोन बादल्या घ्या: एकीत गाडीचा शांपू, दुसरीत धुण्याचा हातमोजा खळबळायला साधं पाणी. वरून खाली या, चाकं वेगळ्या कापडाने. भांड्यांचा साबण नको, तो आधीचं वॅक्स उतरवतो.

वॅक्स लावताना:
- गाडी सावलीत हवी, पत्रा हाताला थंड लागला पाहिजे.
- थर अगदी पातळ द्या. जाड थराने चमक वाढत नाही, पुसताना हात मात्र भरून येतात! (मीही अर्धा डबा एकाच बॉनेटवर संपवलाय.)
- काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग बसतात.
- मायक्रोफायबरचा फडका खाली पडला? तो बाजूला ठेवा, दुसरा घ्या.

पहिल्या दिवशी फक्त बॉनेट करून बघा.