वडिलांचा ताप नऊ दिवस उतरत नाही. गोचीड चावल्याने एकदम दोन आजार होऊ शकतात का?

होऊ शकतात. पण आधी एक आजार तरी नीट धरला गेलाय का, ते बघा.

तुम्ही लिहिलंय, डेंगी-मलेरिया निगेटिव्ह, विडाल (टायफॉइडची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह, टायफॉइडची सेफ्ट्रायक्झोन इंजेक्शनं चार दिवस झाली, आता तळहात-तळपायांवर लाल ठिपके. दारात म्हशी आणि कुत्रं. मी धुळ्याकडे फिजिशियन आहे; हे वाचून पहिला संशय रिकेटशिया या जंतूच्या तापाचा येतो. (म्हशींचा गोचीडताप वेगळा.) रिकेटशिया मुख्यतः कुत्र्याच्या गोचिडीतून येतो आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या पेशींत राहतो. सेफ्ट्रायक्झोन त्याच्यावर चालत नाही. एकट्या विडालवर तर मी टायफॉइड ठरवतच नाही; ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून बघणारी तपासणी, हवं.

सातपुड्याच्या पायथ्याचे एक बाबा आठवतात. गोचिडीचं विचारलं तर म्हणाले, "ती ते रोजच चावस." करदोडा सरकवला, तर खाली विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली. ना दुखत होती, ना खाजत. वडिलांची काख, जांघ, कंबर, कानामागची जागा आजच उजेडात बघा. अशी खपली स्क्रब टायफसमध्येही दिसते; तो गोचिडीने नाही, झुडपातल्या बारीक लाल किड्यांनी होतो.

रिकेटशियासाठी आयजीएम एलायझा हा रक्ताचा रिपोर्ट सांगतील, तो करा. पण पहिल्या आठवड्यात तो निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून संशय पक्का असेल तर रिपोर्टसाठी थांबत नाहीत. डॉक्सिसायक्लिन 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, साधारण 7 दिवस. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, "डॉक्सी सुरू करायची का?" गोळी जेवून, पेलाभर पाण्यासोबत, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही. अ‍ॅसिडिटीचं औषध किंवा लोहाची गोळी सोबत नको.

आता तुमचा खरा प्रश्न. रिकेटशिया असेल तर डॉक्सीने ताप बहुतेक 48 तासांत उतरायला लागतो. उतरला नाही, तर मी दुसरा आजार शोधतो: मलेरियाची स्लाइड पुन्हा, ब्लड कल्चर, लेप्टोची (उंदराच्या लघवीतून पसरणारा ताप) तपासणी. लेप्टोवरही डॉक्सी चालते, मलेरियाला मात्र वेगळं औषध लागतं. नेटवर दिसणारी लाइम या गोचिडीच्या आजाराची आणि तिच्या जोडीच्या आजारांची यादी मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या गोचिडींची आहे. तिच्यामागे पैसे घालवू नका.

धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट बघू नका. आयसीयू असलेल्या दवाखान्यात रात्रीच न्या, आणि घरात गोचीड आहे हे तिथे स्वतःहून सांगा.