वडिलांचं मृत्युपत्र करायचंय, वकिलाकडे गेल्यावर नेमकं काय होतं?

तुम्ही लिहिलंय की वडील ७४ वर्षांचे, पुण्यात फ्लॅट, गावी थोडी जमीन, बहीण लग्न होऊन नाशिकला. आणि विचारलंय: वडिलांना वकिलाकडे नेताना काय तयारी ठेवू?

मी वकील आहे, मृत्युपत्रं करून देण्याचंच काम करते, म्हणून आधीच सांगते: पहिल्या भेटीत तुम्हाला बाहेर बसवलं जाईल. राग मानू नका. फी तुम्ही भरली तरी अशील तुमचे वडील आहेत. उद्या वाद झाला तर बहिणीचा वकील तीनच प्रश्न विचारेल: वकील कोणी शोधला, मसुदा कोणी वाचला, सही होताना खोलीत कोण होतं? ज्याला मोठा वाटा मिळतो त्यानेच मृत्युपत्र करवण्यात पुढाकार घेतला असेल, तर ती संशयास्पद बाब, हे सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्येच वेंकटचल अय्यंगार खटल्यात सांगितलंय. जो वकील तुमच्याकडूनच सगळं ऐकून घेतो आणि वडिलांना फक्त सहीपुरतं बोलावतो, त्याच्याकडे जाऊ नका.

आत मी काय विचारते? वारस कोण कोण, आधीचं लग्न, कर्जं, कुणाशी अबोला. मग कागद. फ्लॅटचा इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जमिनीचा सातबारा आणि जुने फेरफार (मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी). जमिनीपाशी गाडी हमखास अडते. "सातबाऱ्यावर माझंच नाव आहे," असं वडील म्हणतील, पण तेवढ्याने जमीन स्वकष्टाची ठरत नाही. ती वडिलोपार्जित निघाली तर त्यांना फक्त स्वतःच्या हिश्श्याचंच मृत्युपत्र करता येतं, आणि हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. हे ऐकून काहीजण दुसरा वकील गाठतात. गाठोत बापडे.

सोसायटीत तुमचं नॉमिनेशन असेल तर तेही सांगा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे.

"बक्षीसपत्रच करून टाकू का?" हे बहुतेक मुलं विचारतात, कारण महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे (वर स्थानिक अधिभार). मी सहसा नको म्हणते. बक्षीसपत्राने घर वडिलांच्या हयातीतच हातून जातं आणि सहजी परत येत नाही. मृत्युपत्र ते शुद्धीत आहेत तोवर कितीही वेळा बदलू शकतात.

मसुदा वडिलांना वाचता येईल अशा मराठीतच हवा. तो घरी नेऊन त्यांनी चार दिवस वाचावा, दुरुस्त्या निघतातच. साक्षीदार दोन लागतात: वडिलांपेक्षा वयाने लहान, आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडलेला बरा. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक शुल्कही लागत नाही. तरी मी दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करायलाच लावते, कारण तिथे फोटो आणि अंगठा घेतला जातो.

फी पहिल्याच भेटीत विचारा आणि त्यात नोंदणीच्या दिवशी सोबत येणं धरलंय का, तेही. मी एकरकमी घेते. मिळकतीच्या किमतीवर टक्केवारी सांगितली, तर मी तरी उठून येईन.

आणि भेटीची वेळ वडिलांनाच फोन करून ठरवू द्या.